सेसना १५२/१७२ च्या कॉकपिटमध्ये सामान कसं लावायचं? (नीबोर्ड, हेडसेट, टॅबलेट, बॅग आणि बाकीचा पसारा)

उजळाईवाडीकर

बारामतीला फ्लाइंग शिकायला जाणाऱ्या आपल्या कोल्हापूरकडच्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॅग कुठली घेऊ?" तेच उत्तर चार ठिकाणी द्यायला नको म्हणून हा वेगळा धागा.

बॅगेचा नंबर शेवटी लागतो. आधी हे ठरवा की कोणती वस्तू कधी लागणार आणि कुठल्या हाताला. डाव्या सीटवर बसलं की डावा हात योकवर (विमानाचं स्टिअरिंग) आणि उजवा थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायची दांडी). मोकळा मिळाला तर उजवाच, तोही अधूनमधून. पट्टा न सोडता आणि मान न वळवता त्या हाताला जे सापडतं तेवढंच तुमच्यापाशी आहे असं धरायचं. बाकीचं विमानात असेल, पण असून नसल्यासारखं.

त्यावरून माझे तीन ढीग पडतात. अंगावर: नीबोर्ड (मांडीवर बांधायची लिहायची पाटी), त्यावर चेकलिस्ट, दोन पेन्सिली, मनगटावर घड्याळ, रात्रीचं उड्डाण असेल तर गळ्यात छोटी टॉर्च. हाताशी, म्हणजे दाराच्या कप्प्यात: नकाशा, उलटीच्या दोन पिशव्या, सुटे सेल, पॉवर बँक, अर्ध्या लिटरची मऊ बाटली. मागे जाळीखाली: टोबार (विमान हातानं ओढायचा दांडा), चॉक (चाकाखालची अडण), बांधायचे दोर, पिटॉट कव्हर (वेग मोजणाऱ्या नळीची टोपी), ऑइलचा डबा, इंधनाचा नमुना घ्यायची नळी. इंजिन सुरू झाल्यावर तिसऱ्या ढिगाला हात लावायची वेळ येत असेल तर मांडणी चुकली.

कागदपत्रं वेगळी. विमानाची नोंदणी, हवाई योग्यता, रेडिओ परवाना, फ्लाइट मॅन्युअल हे सगळं विमानाच्याच फोल्डरमध्ये राहतं, ते आपल्या बॅगेत घालून घरी नेऊ नये. आपला परवाना आणि मेडिकल आपल्याकडे. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घोळ झालाच.

घाटवारा

ढीग पटले. पण आधी वजनाचं बोला.

१५२ चं कमाल वजन ७५७ किलो. रिकामं विमान साधारण ५१५ धरा, प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, तो वजनाच्या तक्त्यातूनच घ्यायचा. टाक्या भरल्या की वापरता येण्याजोगं इंधन ६७ किलो. उरले १७५. शिकवणारे आणि शिकणारे प्रत्येकी ८० किलोचे असले की राहतात १५. आता त्यात दोन हेडसेट, दोन बॅगा, चॉक, टोबार, ऑइल. सात-आठ किलोची 'प्रोफेशनल' बॅग खांद्याला लावून येणाऱ्यानं हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

आणि आपली धावपट्टी समुद्रसपाटीला नाही, सुमारे २००० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश. एप्रिलात दुपारी ३५ असेल तर फरक २४ चा, दर अंशाला साधारण १२० फूट धरले की २८८० फूट वाढले. म्हणजे हवा इतकी विरळ की विमानाच्या लेखी तुम्ही ४९०० फुटांवरून टेक-ऑफ करताय. तिथं दहा किलो जाणवतात.

१७२ एस (१७२ चाच एक प्रकार) मध्ये मागच्या सामानाच्या जागेचे दोन भाग आहेत. पुढच्या भागाची मर्यादा ५४ किलो, त्याच्या मागच्याची २३, आणि दोन्ही मिळूनही ५४ च. बेरीज ७७ नाही. पुष्कळ जण इथंच फसतात. शिवाय पुढची सीट डेटमपासून (अंतर मोजायचा ठरलेला बिंदू) ३७ इंचांवर, सामानाचा पहिला भाग ९५ वर आणि दुसरा १२३ वर. तीच दहा किलोची बॅग पुढून उचलून शेवटी टाकली तर वजन तेवढंच राहतं, पण मोमेंट (वजन गुणिले अंतर) तिपटीहून जास्त. जड वस्तू खाली आणि जमेल तितकी पुढे, हा साधा नियम.

स्पिनचा (विमान गिरक्या घेत खाली जाण्याचा) सराव असेल तर मागची जागा पूर्ण रिकामी. १७२ ला सामान किंवा मागचे प्रवासी घेऊन स्पिन करायला मनाईच आहे.

तांबडापांढरा

सोलो जाताना शेजारची सीट रिकामी असती की. बॅग तिथं ठेवली, वरनं पट्टा लावला, काम झालं. एवढं काय डोकं लावालाय?

उजळाईवाडीकर

@तांबडापांढरा भावा, तिथंच गोम आहे. उजव्या बाजूलाही योक आहे आणि तो तुमच्या योकला जोडलेला आहे. उतरताना शेवटच्या क्षणी तुम्ही योक पोटाकडे ओढता तेव्हा उजवाही तेवढाच मागे येतो. तिथं फुगलेली बॅग असली तर तो बॅगेवर अडतो आणि तुमचा योक अर्ध्यात थांबतो. बॅग पुढे घसरली तर उजव्या सीटसमोरच्या पेडलांवर (पायानं विमान डावी-उजवीकडे वळवायचे) जाते, ते पेडलही तुमच्या पेडलांना जोडलेले.

ठेवायचीच तर चपटी बॅग, आडवी, पाठीला टेकवून. कमरेचा पट्टा बॅगेच्या कडीतून किंवा मुठीतून ओवायचा. नुसता वरून टाकला तर धक्क्यात बॅग खालून निसटते. खांद्याचा पट्टाही अडकवून ताणून घ्यायचा, लोंबता ठेवायचा नाही. मग योक पूर्ण मागे ओढा, तसाच धरून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, पेडल शेवटपर्यंत दाबा. कुठंही मऊ अडथळा लागला तर बॅग मागे.

१५२ ला मागची सीट नाही, सामानाची जागा पाठीशीच आहे. बॅग तिथं, जाळीखाली. लागणारं आधीच काढून घ्यायचं.

तांबडापांढरा

हां, हे ध्यानात नव्हतं आलं. पटलं.

पॅनलमागे

मी देखभालीच्या बाजूचा, म्हणून सीट रेलबद्दल लिहितो. सेसनाची सीट जमिनीवरच्या दोन रेलांवर सरकते. रेलला भोकं आहेत, सीटची पिन त्यात खाली बसते तेव्हा सीट पक्की होते. त्या भोकात पेन्सिलीचा तुकडा, खडा, सेल, नाणं, काहीही पडलं तर पिन अर्धीच बसते. दिसायला सीट अडकलेली, पण टेक-ऑफला नाक वर झालं की सर्रकन मागे. आणि माणूस आधारासाठी काय धरतो? योक. तोही मागे येतो, नाक अजून वर.

ही भीती उगाच नाही. अमेरिकेच्या एफएएनं (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) सेसनाच्या सीट रेल, पिना आणि रोलर तपासायचा सक्तीचा निर्देश १९८७ मध्ये काढला, २०११ मध्ये त्याच्या जागी नवा आला. सीट मागे पळू नये म्हणून दुसरा थांबाही बसवता येतो. पण भोकात कचरा असेल तर तो बघायचं काम बसणाऱ्याचं. बसायच्या आधी टॉर्च मारून दोन्ही रेल बघा. बसल्यावर सीट पुढे-मागे हिसका देऊन बघा, दोनदा. हातानं नाही, पाय टेकवून अंगानं.

म्हणून सुट्या बारीक वस्तूंवर माझा राग. पेन्सिलीला ४० सेंटिमीटर दोरी आणि दोरी नीबोर्डला. सुटे सेल झिपच्या पिशवीत. चष्म्याला गळ्यातली दोरी. पोलराइज्ड गॉगल नकोच, काही स्क्रीन त्यातून काळ्याठिक्कर दिसतात.

आणि कृपा करून पॅनलला स्क्रू मारून होल्डर बसवू नका, तारा ओढू नका. कायमचं काहीही बसवायचं म्हणजे तो विमानातला बदल, त्याला मंजुरी आणि सही लागते. चिकटपट्टीचा वेल्क्रोही उन्हात गोंद सोडतो. सकाळी घट्ट वाटलेली वस्तू दुपारी मांडीवर येऊन पडते.

पंचगंगेकाठी

नीबोर्डवर कुणी लिहिलं नाही अजून, मी लिहिते. बाहेरचा तयार नीबोर्ड महाग पडतो आणि बहुतेकदा मोठा असतो. १५२ मध्ये मांडी आणि योक यांत जागा किती, ते बसून मोजा. तीन घड्यांचा, जाडजूड नीबोर्ड असेल तर योक उजवीकडे फिरवताना त्याच्या कडेला घासतो.

कोल्हापुरात तो करून घेणं सोपं आहे. उद्यमनगरात दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा १५० बाय २३० मिलिमीटर कापून घ्या. वजन १४० ग्रॅमच्या आसपास भरतं. कोपरे गोल करून कानस मारून घ्यायचे, नाहीतर पँट आणि सीट दोन्ही फाटतात. लांब बाजूंना कडेपासून १० मिलिमीटर आत, ४२ मिलिमीटर लांबीची एकेक खाच पट्ट्यासाठी. ए-५ कागद वर बरोबर बसतो.

खालच्या बाजूला चपलेच्या तळव्याला वापरतात तो ५ मिलिमीटरचा फोम. पूर्ण पत्र्याला लावू नका. दोन्ही लांब कडांना ४० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या, प्रत्येकी दोन थर, मध्ये जागा मोकळी. मांडी गोल असते, त्या मोकळ्या जागेत ती बसते आणि बोर्ड डुगडुगत नाही. पट्टा ४० मिलिमीटर रुंद इलॅस्टिकचा, बसल्यावर मांडीचा घेर मोजून त्यात १५ सेंटिमीटर मिळवा, टोकाला १२ सेंटिमीटर वेल्क्रो. शिलाई चप्पल लाइनीत कुणीही घालून देईल, दोन ओळी आणि टोकाला फुली. चामड्याचा पट्टा दिसतो झकास, पण जून-जुलैत त्याला बुरशी धरते आणि घामानं तो कडक होतो.

उजव्या हातानं लिहिणाऱ्यानं उजव्या मांडीवर बांधा. डावखुऱ्यांचं अवघड आहे, कारण त्यांचा लिहिता हात योकवर असतो. त्यांनी डाव्या मांडीवर बांधून, ट्रिम (हात न लावता विमान सरळ ठेवणारी जुळणी) नीट लावून, लिहिण्यापुरता योक उजव्या हातात घ्यायची सवय लावावी.

क्लिप मात्र लोखंडी असते. होकायंत्राजवळ धरून बघा.

घाटवारा

@पंचगंगेकाठी ताई, फोमची युक्ती भारी आहे. होकायंत्राची चाचणी पुरी सांगतो. इंजिन बंद, विमान स्थिर. वस्तू जिथं ठेवणार तिथं न्या आणि काढा, होकायंत्राकडे बघत राहा. एक-दोन अंशांपेक्षा जास्त हललं तर ती जागा बाद. क्लिपपेक्षा जास्त दगा देतात ती टॅबलेटच्या कव्हरातली चुंबकं, फोनच्या पाठीला चिकटणारे होल्डर आणि हेडसेट. हेडसेटमध्ये स्पीकर आहेत, स्पीकरात चुंबक आहे. उतरल्यावर हेडसेट काढून समोर ग्लेअरशील्डवर (काचेखालचा पॅनलचा माथा) फेकायची सवय त्यासाठीही वाईट, आणि उन्हात कानाची गादी चिरते म्हणूनही. तिथं पांढरा कागद ठेवला तर त्याचं प्रतिबिंब काचेत दिसतं आणि समोरचं विमान दिसत नाही.

रंकाळा०७

टॅबलेट वापरणाऱ्यांसाठी थोडं. आयपॅडला ० ते ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवा असं कंपनीच सांगते. मे महिन्यात उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये त्याच्या वरचं तापमान सहज असतं. मग आधी उजेड कमी होतो, चार्जिंग थांबतं, शेवटी इशारा दाखवून पडदा बंद. सगळं त्याच्यावरच असेल तर तुम्ही आंधळे. म्हणून मार्ग, वेळा, फ्रिक्वेन्सी नीबोर्डवर कागदावर हव्यातच.

जाड रबरी कव्हर काढून टाका, उष्णता अडते. काचेवर, थेट उन्हात लावू नका. तापलेला असताना चार्जिंगला लावू नका. १७२ मध्ये काचेच्या वरच्या कोपऱ्यात ओढून बाहेर काढायची हवेची नळी असते, तिचा झोत मिळेल अशा जागी ठेवला तर बराच तग धरतो. ते जमत नसेल तर मांडीवर, सावलीत.

सक्शन कपाचा होल्डर बाजूच्या काचेवर, समोरच्या नाही. ही काच ॲक्रिलिकची आहे, घरातली काचेची नाही. तिच्यावर अमोनियावाला स्प्रे मारायचा नाही, कोरडं फडकं घासायचं नाही. भरपूर पाणी, मऊ सुती कापड. कप लावायच्या आधी तेवढा भाग पुसून घ्या, धुळीचा एक कण राहिला तरी कप सुटतो. आणि होल्डरला दोरी असू द्या, सुटला तर पेडलांपर्यंत पोहोचणार नाही इतक्या लांबीची.

योकवर लावायचा होल्डर १५२ मध्ये नको. पॅनलवरची मापकं झाकली जातात आणि केबल थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणाऱ्या) दांड्यांत अडकते.

पॅनलमागे

चार्जिंगचा विषय निघालाच आहे तर: १५२ ची विद्युत यंत्रणा २८ व्होल्टची आहे. सिगारेट लायटरच्या खाचेत गाडीचा फक्त १२ व्होल्टवाला चार्जर खुपसलात तर धूर निघेल. ३२ व्होल्टपर्यंत झेपणारा घ्या, ट्रकसाठी मिळतात त्यांत असे असतात, पण वर छापलेला आकडा वाचूनच घ्या. १७२ एस मध्ये १२ व्होल्टची खाच वेगळी दिलेली असते. खात्री नसेल तर विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

पॉवर बँक मागच्या सामानात नको. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॉट-तास ऊर्जा, तेवढी पुरे. ती फुगली, तापली तर हाताला लागली पाहिजे. अग्निशामकानं ज्वाळा विझतात, पण आतली सेल तापतच राहते. तिला थंड करायला पाणी लागतं. दाराच्या कप्प्यातली बाटली त्यासाठीही. आणि अग्निशामकाच्या खोबणीसमोर बॅग ठेवणाऱ्याला मी तरी उडू देणार नाही.

तांबडापांढरा

हेडसेटची वायर माझ्या पायात येतीय सारखी. काय करू?

उजळाईवाडीकर

जॅक पॅनलखाली असतील तर वायर गुडघ्याच्या बाहेरून, दाराच्या बाजूनं वर घ्या आणि कपड्याच्या क्लिपनं खांद्यापाशी अडकवा. दोन पायांच्या मधून कधीच नाही, आणि इंधनाच्या सिलेक्टरवरून (टाकी निवडायची कळ) तर नाहीच. १७२ मध्ये तो दोन सीटांच्या मध्ये, जमिनीवर आहे. तिथं बाटली, फोन, वायर, काही नको.

दोन पिना असतात. ६.३ मिलिमीटरची जाड ऐकण्याची, ५.२ ची बारीक माइकची. अर्धवट बसली की 'रेडिओ बिघडला' अशी बोंब होते. खट् आवाज येईपर्यंत दाबा. काढताना पिनेचा दांडा धरा, वायर ओढू नका. ठेवताना वायर हेडबँडला आवळून गुंडाळली की कवचाच्या तोंडाशी आतली तार तुटते. सैल वेटोळी करा, एक सुलटं, एक उलटं, आणि वेल्क्रोच्या पट्टीनं बांधा.

पंचगंगेकाठी

पावसाळ्याचं राहिलं. जून ते सप्टेंबर इथं हेडसेट बंद बॅगेत ठेवला तर आठवड्यात कानाच्या गादीवर पांढरी बुरशी येते. उड्डाणानंतर गाद्या कोरड्या फडक्यानं पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा, मगच बॅगेत. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर उत्तम, तव्यावर मंद आचेवर कोरड्या करून परत वापरता येतात. हेडसेट महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, फुटले तर कप्पा खाऊन टाकतात. नकाशे आणि चेकलिस्ट लॅमिनेट करताना चकचकीत नको, मंद पृष्ठाचं करा. उन्हात वाचता येतं.

घाटवारा

पिटॉट कव्हर विमान थांबल्या थांबल्या लावा, बारा महिने. कुंभारमाशीला ती नळी म्हणजे आयतं घर. मातीचा एक गोळा घालून गेली की पुढच्या टेक-ऑफला वेगाचा काटा शून्यावर. कव्हर काढलं की त्याची लाल फीत बाहेर लोंबेल अशी जाळीत अडकवा, म्हणजे मागे वळून बघितलं की दिसते.

नमुन्याची नळी झिपच्या पिशवीत, कागदी फडक्यासकट. १७२ एस ला १३ ठिकाणी नमुना घ्यावा लागतो, तेवढं करून ओली नळी दाराच्या कप्प्यात टाकली की सगळा कॉकपिट पेट्रोलचा वास मारतो आणि शेजारच्याला उलटी.

तांबडापांढरा

आणि खायला? भडंग चालतंय का?

पॅनलमागे

नाही. एक म्हणजे सीलबंद पाकीट वर गेल्यावर फुगतं, दहा हजार फुटांवर हवेचा दाब साधारण तीस टक्के कमी असतो. फोडलंत की शेंगदाणे सीट रेलमध्ये. दुसरं म्हणजे चार कण जरी विमानात राहिले तरी हँगरमधले उंदीर आत येतात आणि भडंग संपल्यावर तारा कुरतडतात. खायचं ते जमिनीवर. फारच लांबचं उड्डाण असेल तर राजगिऱ्याची वडी, कागद उघडून.

रंकाळा०७

उड्डाणात एखादी वस्तू पेडलांकडे पडलीच तर?

उजळाईवाडीकर

वाकायचं नाही. वाकलं की खांदा योकवर येतो आणि नाक खाली जातं. विमान सरळ, ट्रिम लावलेलं, उंची पुरेशी, हे आधी. मग पेडल हळू दाबून बघा. मोकळे असतील तर ती वस्तू उतरल्यावर काढू. अडत असतील तर सोबतच्याला सांगा. एकटे असाल तर टाचेनं आपल्याकडे ओढा, हातानं नाही. सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत), कमी उंचीवर असाल तर दुसरी पेन्सिल घ्या. दोन सांगितल्या त्या म्हणूनच.

उतरल्यावर नीबोर्डच्या मागे चिकटवलेल्या यादीवरून वस्तू मोजून बाहेर काढा. माझ्या मते १५२ ला अकरा पुरतात. दहाच आल्या तर अकरावी सापडेपर्यंत विमान पुढच्याला द्यायचं नाही.

तांबडापांढरा

टोबार मोजला का त्यात?

उजळाईवाडीकर

मोजला. पण तो पहिला. नाकाच्या चाकाला लावलेला असताना हात सोडायचाच नाही, काढला की थेट जाळीखाली. त्याच्या मुठीला लाल कापडाची मीटरभर पट्टी बांधा, म्हणजे चाकाला राहिलाच तर फेरी मारताना दिसेल.